संधाता, जोडारी आणि वेल्डर : जहाजदुरुस्तीतील धातुकामाच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकविल्या जाणाऱ्या व्यवसायांना जी मराठी नावे देण्यात आली आहेत त्यांत ‘संधाता’ हे एक नाव आहे. ज्याला कारखान्यात, गोदीत, रस्त्याकडेच्या दुकानात आणि स्वतःच्या घरीही वेल्डर असेच म्हणतात, त्याचे हे शासनमान्य मराठी नाव होय. फिटर तो जोडारी, टर्नर तो कातारी, इलेक्ट्रिशियन तो वीजतंत्री, वायरमन तो तारतंत्री आणि वेल्डर तो संधाता, अशी ही मालिका आहे. मालिकेतील सर्व शब्द सारख्या योग्यतेचे नाहीत. त्यांतील काही मराठीच्या स्वभावातून आलेले आहेत, काही संस्कृत व्याकरणाच्या साच्यातून काढलेले आहेत, आणि ‘संधाता’ हा या दुसऱ्या वर्गाचा ठळक नमुना आहे. त्याचे परीक्षण करावयाचे तर तो ज्या कामाचे नाव म्हणून आला ते काम सर्वांत कठीण स्वरूपात जेथे चालते तेथपर्यंत जाणे भाग आहे. वेल्डिंगच्या बाबतीत ती जागा म्हणजे जहाजदुरुस्तीची गोदी होय.

गोंदिया जिल्हा समुद्रापासून दूर आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. रेल्वेने मुंबई तेथून साडेनऊशेहून अधिक किलोमीटर पडते. जिल्ह्यातील पाण्यावर चालणारे पारंपरिक वाहन म्हणजे तलावांवरचा ढीवरांचा डोंगा, आणि त्यात लोखंडाचा संबंध जवळजवळ नाही. तरी परिभाषेच्या परीक्षेसाठी हा जिल्हा मुद्दाम घेण्याजोगा आहे. येथे वेल्डिंगचा व्यवसाय शिकलेल्या मुलापुढे कामाच्या वाटा ठरलेल्या असतात : भातगिरणीतील चाळण्या, नळ्या व बादल्यांच्या उचल-माळा यांची दुरुस्ती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅट वीजकेंद्रासारख्या ठिकाणी उच्च दाबाच्या नळ्यांचे काम, आणि त्याहून दूर जायचे तर शिकाऊ उमेदवार म्हणून मुंबईतील माझगाव डॉक किंवा तत्सम गोदी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने ही वाट कायदेशीर केली. या वाटेवर मुलाच्या कानावर एकाच कामाची चार-पाच भाषांतील नावे पडतात. घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी, संस्थेच्या फलकावर संधाता, पुस्तकात इंग्रजी संज्ञांचे मराठीकरण, आणि गोदीत पुन्हा हिंदी-इंग्रजी मिश्रित अशी एक वेगळीच बोली. फलकावरचा शब्द या सर्व प्रवासात त्याच्या किती उपयोगी पडतो, असा प्रश्न विचारणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम शब्दाची घडण पाहू जाता असे दिसते की ‘संधाता’ हा ‘सं + धा’ या धातूला कर्तृवाचक ‘तृ’ प्रत्यय लागून झालेला आहे. नेता, दाता, वक्ता, निर्माता यांच्या पंक्तीतील तो शब्द आहे, आणि ‘अभियंता’ या यशस्वी शब्दाचा आदर्श तो घडविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावा असा तर्क करता येतो. परंतु अभियंता हे पद कचेरीच्या दारावरील पाटीवर, नियुक्तिपत्रात व शिक्क्यात वावरते. त्याला क्रियापदाची गरज पडत नाही. अभियंता ‘काय करतो’ हे एका क्रियापदाने कोणी विचारीत नाही. वेल्डरच्या शब्दाला मात्र दिवसातून शंभर वेळा क्रियापद लागते. संधाता काय करतो? ‘संधतो’ म्हणता येत नाही. ‘संधान करतो’ म्हणावे तर मराठीत संधान ‘साधतात’ किंवा ‘बांधतात’, आणि त्याचा अर्थ कोणाशी तरी गुप्तपणे संपर्क जोडणे असा होतो; नाही तर बाणाचे संधान. लोखंडाच्या दोन पत्र्यांशी या दोन्ही अर्थांचा काही संबंध नाही. म्हणजे हा कर्ता क्रियेवाचून उभा आहे.

काही ठिकाणी हाच शब्द ‘सांधाता’ असा लिहिलेला आढळतो. प्रथमदर्शनी ती शुद्धलेखनाची चूक वाटते, पण भाषाभ्यासकाला त्यात चुकीपेक्षा अधिक काही दिसावे. लिहिणाऱ्याच्या मनात ‘सांधा’ आणि ‘सांधणे’ हे मराठी शब्द जागे आहेत. त्याने संस्कृत शब्दाला मराठी मूळ बहाल केले आहे. सांधणे हे जुने, चालते क्रियापद आहे. दोर सांधतात, मोडलेले भांडे सांधतात, हाड सांधले जाते. ‘सांध’ला काना देणाऱ्या अनामिक कारकुनाने किंवा रंगाऱ्याने परिभाषाकारांना वाट दाखविली होती, परंतु मराठी मुळाला संस्कृत प्रत्यय जोडल्याने हा जोडही धड बसलेला नाही. स्त्रीलिंगाचा प्रश्न आहेच. मुलीही हा व्यवसाय शिकतात. त्यांना ‘संधात्री’ म्हणायचे काय, याचा विचार फलकावर कोठे दिसत नाही.

याउलट ‘कातारी’ पाहावा. लाकूड चरकावर धरून कातणाऱ्या कारागिरांचे हे जुने नाव आहे. तो एक समाजच आहे. चरक लाकडाचा होता तो लोखंडाचा झाला, पायाने फिरत होता तो विजेने फिरू लागला, पण कातण्याची क्रिया तीच राहिली, आणि शब्दाने नवा अर्थ सहज सामावून घेतला. ‘जोडारी’ हा जुना नसला तरी कातारी, पिंजारी यांच्या वळणावर बसविला आहे. जोडणे हे त्याचे क्रियापद त्याच्या पोटातच आहे. अडचण एवढीच की फिटर आणि वेल्डर या दोघांचेही काम इंग्रजी न जाणणाऱ्याच्या दृष्टीने जोडण्याचेच असते. जोडारी हे नाव एकाला देऊन टाकल्यामुळे दुसऱ्यासाठी संस्कृताकडे धाव घ्यावी लागली, असे घडले असणे संभवते.

व्यक्तीचे नाव असे एका वाटेने आले, आणि कामाचे नाव दुसऱ्याच वाटेने. मराठी विश्वकोशाने वेल्डिंगला ‘वितळजोडकाम’ हा शब्द स्वीकारला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या कोशाने शास्त्रीय मराठीला जे दिले त्याचे ऋण मोठे आहे, व हा शब्दही अर्थवाही आहे यात शंका नाही : वितळवून जोडण्याचे काम. तो ऐकणाऱ्याला काही तरी कळते, जे ‘संधाता’ ऐकून कळत नाही. परंतु संधात्याने वितळजोडकाम करावे, अशी व्यवस्था लावून परिभाषेने कर्ता आणि कर्म यांची फारकत केली. ज्या भाषेत लोहार लोहारकाम करतो आणि सुतार सुतारकाम करतो त्या भाषेच्या कारागिराला ही फारकत विचित्र वाटल्यावाचून राहणार नाही.

शिवाय अर्थाच्या दृष्टीनेही वितळजोडकाम अपुरे पडते. गावच्या लोहाराला – पूर्व विदर्भात त्याला खाती असेही म्हणतात, आणि रसेलने १९१६ साली मध्य प्रांतातील जातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लोहारांच्या नोंदीतच ते नाव आले आहे – भट्टीतील दोन तुकडे जोडणे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुकडे पांढरेशुभ्र होईतो तापवायचे, तोंडावर टाकणखार किंवा वाळू टाकायची, आणि ऐरणीवर ठेवून घण घालायचे. यात लोखंड वितळत नाही. वितळण्याच्या अलीकडच्या तापमानाला ते मऊ होते आणि दाबाने जुळते. इंग्रजीत हेही वेल्डिंगच. घर्षणाने जोडण्याच्या आधुनिक पद्धतीतही धातू वितळत नाही. ‘वितळजोड’ म्हटले की लोहाराचा हा सारा वारसा संज्ञेच्या बाहेर पडतो, आणि जे काम मराठी मुलखात परंपरेने चालत होते तेच नेमके परके ठरते.

आणखी एक गोष्ट ध्वनींची. झाडीबोलीत ळ नाही. प्रमाण मराठीतील ळच्या जागी तेथे र येतो. डोळा तेथे डोरा होतो, काळा कारा होतो. ण, श, ष हेही वर्ण त्या बोलीत नाहीत, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलेले आहे. या नियमाने ‘वितळजोडकाम’ गोंदियाच्या खेड्यातील विद्यार्थ्याच्या तोंडी ‘वितरजोडकाम’ होईल, आणि वितळण्याचा संबंध सुटून वितरणाचा लागेल. एका बोलीच्या सोयीसाठी प्रमाण संज्ञा बदलावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या शब्दाचा सगळा आधार त्याच्या अर्थपारदर्शकतेवर आहे, त्याची पारदर्शकता राज्याच्या एका कोपऱ्यात उच्चाराबरोबर नाहीशी होते, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

परिभाषाकारांवर सगळा दोष टाकणे मात्र अन्याय होईल. जहाजकामाच्या क्षेत्रात मराठीचा धागा त्यांच्या आधीच तुटलेला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा-गलबते कशी असावीत, त्यांसाठी लाकूड कोठून आणावे, आंबा-फणसाची झाडे रयतेच्या संमतीवाचून का तोडू नयेत, हे सर्व त्यात भरघोस मराठीत सांगितलेले आहे. त्याच शतकात, १७३५ पासून, सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधण्यास आरंभ केला. १७५० मध्ये तेथे सुकी गोदी झाली. या घराण्याने १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. या गोद्यांतील बोली शुद्ध मराठी नव्हती. खलाशांच्या बोलीत अरबी, फारसी, पोर्तुगीज, गुजराती, कोकणी असे सगळेच होते. फळ्यांच्या फटींत काथ्या व डांबर भरण्याच्या कामाला ‘कालापत्ती’ म्हणत, ते पोर्तुगीज ‘कालाफात’ वरून. ही नोंद हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात आहे. थॉमस रोबक याने तर १८११ सालीच इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाकोश छापला होता. मिश्र असो, पण ती कामकऱ्यांची स्वतःची भाषा होती, आणि घमेले, पिंप, बिजागरी, चावी, पगार या पोर्तुगीज शब्दांप्रमाणे तिच्यातील पुष्कळ शब्द मराठी होऊन जाण्यास समर्थ होते.

लाकडाची जागा लोखंडाने आणि शिडाची जागा वाफेने घेतली तेव्हा हा ओघ बंद पडला. नवे काम नव्या शब्दांसह तयार होऊन आले. रिव्हेट मराठी जिभेवर ‘रिपिट’ होऊन रुळला, पण त्यानंतरचे शब्द इतक्या वेगाने आले की त्यांना झिजून गुळगुळीत व्हायलाही उसंत मिळाली नाही. ललित साहित्याचाही येथे उपयोग झाला नाही. मराठीतील कामगार बहुधा गिरणीकामगार आहे. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून नारायण सुर्व्यांच्या कवितेपर्यंत गिरणगावाचे शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले, गोदीच्या आत, दोन तुळयांच्या मध्ये आडवा होऊन डोक्यावरच्या पत्र्याला जोड देणारा मनुष्य त्या साहित्यात क्वचितच भेटतो. कोशकाराला जेथून उदाहरणे घ्यावीत असे लेखनच नव्हते.

आता गोदीत प्रत्यक्ष काय बोलले जाते ते पाहावे. नामे जवळजवळ सर्व इंग्रजी आहेत : रॉड, होल्डर, प्लेट, अँगल, ग्राइंडर, रूट, रन. पण क्रियापद देशी आहे, आणि ते विलक्षण आहे. टॅक ‘मारतात’, रन ‘मारतात’, ग्राइंडर ‘मारतात’, वेल्डिंगही ‘मारतात’. विजेच्या ज्वाळेने जोडताना कोणावरही आघात होत नाही. हात शक्य तितका स्थिर ठेवण्यात सगळे कसब आहे. तरी मराठी व हिंदी बोलणारा कारागीर ‘मारणे’ सोडीत नाही, कारण धातूवर काम करणे म्हणजे घण मारणे, छिन्नी मारणे, खिळा मारणे, ही जाणीव त्याच्या भाषेत लोहाराच्या भट्टीपासून चालत आलेली आहे. यंत्र बदलले, संज्ञा बदलल्या, परंतु वाक्याचा कणा बदलला नाही. परिभाषा समित्या नामांच्या याद्या करतात. क्रियापदांकडे त्यांचे लक्ष जात नाही, आणि भाषा टिकते ती बहुधा तेथेच.

‘टॅक मारणे’ याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. पूर्ण जोड देण्यापूर्वी पत्रे जागेवरून हलू नयेत म्हणून ठराविक अंतरावर लहान लहान ठिपके जोडून घेतात. त्याला इंग्रजीत टॅक म्हणतात. मराठीत शिंपी कापड शिवण्यापूर्वी हेच करतो आणि त्याला ‘टाके घालणे’ म्हणतो. अर्थ जुळतो, ध्वनीही जुळतो. ‘टाका’ हा शब्द प्रशिक्षणाच्या पुस्तकात आला असता तर विद्यार्थ्याला तो शिकवावाही लागला नसता. त्याऐवजी पुस्तके ‘तात्पुरता जोड’ अशा वर्णनाकडे वळतात, ज्यात टाक्याचे लहानपण आणि अंतराअंतरावर असणे ही दोन्ही लक्षणे हरवतात.

विश्वकोशाच्या इतर शब्दांचीही अशीच तपासणी करता येईल. विजेच्या ज्वाळेला त्याने ‘प्रज्योत’ म्हटले आहे. हा शब्द उत्तम आहे. ज्योत कोणालाही कळते आणि ‘प्र’ने तिची प्रखरता सुचविली जाते. त्याच कोशातील ‘विद्युत् अग्र’ मात्र येथे फसतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड हे विजेचे टोक असते, तेव्हा अग्र हे नाव शोभते. वेल्डरच्या हातातील इलेक्ट्रोड ही साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिमीटर लांबीची, वर लेप दिलेली कांडी असते, आणि ती कामात वितळून जोडात उतरते. तिला अग्र म्हटल्यास तिच्या जळत्या टोकाला अग्राचे अग्र म्हणण्याची पाळी येते. कारागिराचा ‘रॉड’ येथे अधिक बिनचूक आहे. मराठीच हवा तर ‘कांडी’ आहे. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत या कांडीचा लेप ओलावा शोषतो, त्या ओलाव्यातून हायड्रोजन जोडात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, जोडालगत बारीक चीर पडते. म्हणून ७०१८ क्रमांकाच्या कांड्या भट्टीत भाजून गरम पेटीतून कामावर नेतात. ‘कांड्या भाजून घे’ हे वाक्य विद्यार्थी विसरणार नाही. ‘विद्युत् अग्रांचे शुष्कन करावे’ हे तो परीक्षेपुरते पाठ करील.

परंतु या सर्वांहून मूलभूत प्रश्न ‘जोड’ या कल्पनेचाच आहे. जोडारी, वितळजोड, संधान या सर्व शब्दांत दोन वस्तू दोनच राहतात आणि त्यांच्यामध्ये एक सांधा असतो. रिव्हेटच्या जहाजाचे वर्णन याने बरोबर होते. पत्र्यावर पत्रा ठेवून खिळ्यांनी आवळलेल्या त्या जहाजात एका पत्र्याला चीर गेली तर ती बहुधा पत्र्याच्या कडेशी थांबे, कारण तेथे लोखंड संपत असे. १९२० साली बर्कनहेड येथे ‘फुलागर’ हे संपूर्ण वेल्डिंगने बांधलेले पहिले सागरी जहाज पाण्यात उतरले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी जहाजे शेकड्यांनी बांधली. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभे असता मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. सदोष वेल्डिंग आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद या दोहोंचा तो परिणाम होता. पण चीर जहाजभर पळू शकली ती यामुळे की तिला अडविणारी कडच उरली नव्हती. वेल्डिंगने सगळे जहाज एकच पत्रा झाले होते.

मराठीत याला नेमका शब्द आहे : एकजीव. पीठ एकजीव होते, मिश्रण एकजीव होते, आणि दोन गोष्टी पुन्हा वेगळ्या ओळखता येणार नाहीत अशा मिसळल्या की मराठी माणूस हाच शब्द वापरतो. वितळवून केलेला जोड असो की घण घालून केलेला, दोहोंना तो लागू पडतो. तो क्रियेचे वर्णन करीत नाही, फलाचे करतो. आणि जो विद्यार्थी ‘जोडले’ आणि ‘एकजीव केले’ यांतील भेद समजून घेईल, त्याला सलग जहाजातील चिरेचे भय वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ‘एकजीवकाम’ असा सामासिक शब्द करून परिभाषेत घालावा असे येथे सुचवावयाचे नाही. तसे केल्यास त्याचीही संधात्यासारखीच गत होईल. शिकविणाऱ्याच्या वाक्यात तो असावा, इतकेच.

दुरुस्तीचे काम बांधणीच्या कामाहून निराळे आहे, आणि परिभाषेने या भेदाची दखल मुळीच घेतलेली नाही. बांधणीत पत्रा नवा असतो, तुकडा हवा तसा फिरवून सपाट जागी जोडता येतो. दुरुस्तीत जहाज फिरविता येत नाही. मनुष्यालाच फिरावे लागते. मुंबई बंदरातील १९१४ च्या ह्यूजेस सुक्या गोदीत, जेथे २०१९ पासून कोचीन शिपयार्ड दुरुस्तीचे काम पाहते, जहाज ठोकळ्यांवर बसविले की तळाचा पत्रा वेल्डरच्या डोक्यावर येतो आणि वितळलेला धातू खाली न सांडता वर भरावा लागतो. आधी ध्वनिलहरींच्या उपकरणाने पत्र्याची जाडी मोजतात. मर्यादेपेक्षा अधिक झिजलेला भाग खुणा करून कापून काढतात. त्या जागी नवा तुकडा बसविण्याच्या दोन रीती आहेत. एक, जुन्या पत्र्यावरच वरून दुसरा पत्रा ठेवून कडा जोडणे. ही तात्पुरती सोय मानली जाते. दुसरी, कापलेल्या भोकात त्याच पातळीवर नवा तुकडा बसवून चारी बाजूंनी एकजीव करणे. येथे कोपरे गोल ठेवावे लागतात, कारण काटकोनात ताण साचतो आणि चीर तेथूनच निघते. इंग्रजीत या दोहोंना डब्लर आणि इन्सर्ट म्हणतात. मराठी पुस्तके दोहोंनाही ‘पट्टी’ किंवा ‘तुकडा’ म्हणून मोकळी होतात.

वस्तुतः हा भेद मराठी घरातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. फाटक्या कापडावर वरून तुकडा लावला तर ते ठिगळ. धाग्यात धागा गुंफून त्याच पातळीवर भोक भरले तर तो रफू. ठिगळ लवकर होते व दिसते. रफूला वेळ लागतो, कसब लागते, आणि चांगला रफू हाताला लागत नाही. जहाजाच्या दोन रीतींचे सगळे लक्षण या दोन शब्दांत आले आहे. त्याचप्रमाणे जोडात वायू अडकून भोके राहिली तर कारागीर पिनहोल किंवा ब्लोहोल म्हणतो. अनारसा करणारी त्याला ‘जाळी पडली’ म्हणेल, आणि ते वर्णन अधिक चांगले आहे. तापून पत्रा बिघडला तर तो वाकला, पिळला की त्याला पोचा आला, हे तीन निरनिराळे प्रकार मराठी स्पष्टपणे वेगळे करते. कांडीच्या लेपाचा जो काळा थर जोडावर साचतो व छिन्नीने उडवावा लागतो त्याला लोहाराच्या भाषेत कीट हा शब्द आहेच.

कोणी असे म्हणेल की हे शब्द घरगुती आहेत, त्यांना शास्त्रीय भार सोसणार नाही. आणि गोदीत शेवटी इंग्रजी संज्ञाच लागणार, तेव्हा मराठीचा खटाटोप कशासाठी? आक्षेपाचा दुसरा भाग बराचसा खरा आहे. माझगाव डॉकच्या भरतीत स्ट्रक्चरल फॅब्रिकेटर, कॉम्पोझिट वेल्डर, चिपर ग्राइंडर, रिगर अशीच पदनामे असतात. ती तशीच शिकावीत. नाव इंग्रजी राहिल्याने मराठीचे काही बिघडत नाही. वेल्डर हा आता डॉक्टर किंवा स्टेशन यांच्याइतकाच मराठी शब्द आहे. परंतु नाव ओळखणे वेगळे आणि कारण समजणे वेगळे. कारण समजते ते वाक्यातून, आणि वाक्य मुलाच्या भाषेतले असावे लागते. टाकीत ठिणगी पडू देऊ नये हे सांगताना भिंतीपलीकडच्या खोलीत काय ठेवले आहे तेही पाहावे लागते, हे ‘हॉट वर्क परमिट’ या तीन शब्दांत नाही. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ हे प्रचंड जहाज जळून नंतर कलंडले, ते लोखंड कापणाऱ्या ज्योतीच्या ठिणग्या जवळ रचलेल्या जीवरक्षक जाकिटांवर पडल्यामुळे. मुंबईच्या नौदल गोदीत २१ जुलै २०२४ रोजी दुरुस्तीसाठी असलेल्या ‘ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेला आग लागली, नौका एका बाजूस कलंडली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. दोन्ही घटनांची कारणे एक आहेत असे नव्हे. दुरुस्तीतील जहाज हे किती नाजूक स्थितीत असते एवढे त्यांवरून दिसते. अशा जागी दिलेली सूचना ऐकणाऱ्याच्या मनात लगेच चित्र उभे करीत नसेल तर ती कोणत्या भाषेची आहे याला महत्त्व राहत नाही.

आक्षेपाचा पहिला भाग, घरगुती शब्दांना भार सोसत नाही हा, इतिहासाला धरून नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तरीही किल्ला, फौज, जमीन मराठीतून गेले नाहीत. सावरकरांचे महापौर आणि दिनांक टिकले, कारण ते सभागृहाचे आणि कागदाचे शब्द होते, आणि कागदावर शब्द आज्ञेने चालू शकतो. हातकामाचे क्षेत्र कागदाच्या आज्ञेत येत नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहारात जे यश मिळविले ते प्रशिक्षणशाळेत मिळाले नाही, याचे कारण प्रयत्नाच्या कमतरतेत शोधण्यापेक्षा क्षेत्राच्या या भेदात शोधावे. कातारी, कानस, गुण्या, ओळंबा, ऐरण, सांडशी हे शब्द कोणी समितीत केले नाहीत, आणि तंत्राचा भार त्यांनी शतकानुशतके वाहिला आहे.

औद्योगिक प्रशिक्षणाच्या मराठी पुस्तकांचे पुनर्लेखन जेव्हा होईल तेव्हा संज्ञांच्या यादीपासून आरंभ करू नये. वर्गात आणि कामाच्या जागी निदेशक जे बोलतो ते आधी टिपून घ्यावे. गोंदिया, चंद्रपूर, रत्नागिरी आणि मुंबई येथील निदेशकांचे बोलणे वेगवेगळे निघेल, आणि त्या वेगळेपणातच निवड करण्यास वाव मिळेल. एका कामाला दोन शब्द सापडले तर दोन्ही छापावेत. क्रियापदे न बदलता ठेवावीत. ‘मारणे’ असंस्कृत वाटून कोणी ते ‘करणे’ केले तर कारागिराच्या वाक्याचा लोहाराच्या भट्टीशी असलेला शेवटचा धागा तुटेल. फलकावरील ‘संधाता’ राहू द्यावा की काढावा, हा त्यामानाने गौण प्रश्न आहे. राहिलाच तर निदान त्याला काना आहे की नाही एवढे एकदा ठरवून टाकावे.